मत कुठले मागावे: सोडलेल्या देशाचे की राहत्या देशाचे?

"बारा वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त देश सोडला. नागरिकत्व अजून तिकडचेच आहे. इथे कायम वास्तव्याचा परवाना आहे, कर भरतो, मुले इथल्याच शाळेत जातात, पण मत नाही. तिकडे मत आहे, पण ते देण्यासाठी विमानाचे तिकीट काढावे लागते. मग माझे मत नेमके कुठे असायला हवे, आणि दोन्हीकडे मागितले तर तो हावरेपणा ठरेल का?" असा आपला प्रश्न आहे. मतदार नोंदणी आणि स्थलांतरितांचे नागरी हक्क या विषयांवर मी बरीच वर्षे सल्ला देत आलो आहे, आणि हाच प्रश्न थोड्याफार फरकाने विचारणारे लोक मला सतत भेटतात.

प्रश्न एक दिसत असला तरी त्यात दोन दावे एकमेकांत गुंतले आहेत. सोडून आलेल्या देशाकडे आपण मत मागता ते नागरिक म्हणून, आणि राहत्या देशाकडे मागता ते रहिवासी म्हणून. एका दाव्यासाठी तयार केलेला युक्तिवाद दुसऱ्या दाव्याला जसाच्या तसा लावला की तो आपल्यावरच उलटतो. "इथले कायदे मला लागू होतात, म्हणून इथे मत द्या," असे आपण म्हणालात, तर तिकडचा शेजारी लगेच विचारेल, "मग इथले कायदे तुम्हाला लागू होत नाहीत, तर इथे मत कशाला?" या कोंडीत शिकलेसवरलेले लोकही सापडतात, म्हणून मी दोन्ही दाव्यांचा विचार वेगवेगळा करणार आहे. उत्तराचा बराचसा भाग आपला मूळ देश कोणता, राहता देश कोणता, निवडणूक गावपातळीची की राष्ट्रीय आणि आपल्या परवान्याचे स्वरूप काय, यांवर अवलंबून राहील, हे आधीच मान्य करतो.

आंतरराष्ट्रीय कायद्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे पंचविसावे कलम मताचा हक्क 'प्रत्येक नागरिकाला' देते. त्या करारातील इतर बहुतेक हक्क 'प्रत्येक व्यक्तीला' दिलेले आहेत, आणि हा शब्दबदल जाणूनबुजून केलेला आहे. १९९० च्या स्थलांतरित कामगारांविषयीच्या करारात त्यांना मूळ देशात मत देण्याचा हक्क मान्य केला आहे, मात्र राहत्या देशाने राजकीय हक्क द्यावेत की नाही हे त्या देशाच्या मर्जीवर सोडले आहे. तेव्हा कागदावर पाहिले तर आपला पहिला दावा भक्कम आणि दुसरा लंगडा आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक देशांत नेमके उलटे चित्र दिसते. आयर्लंडमध्ये बाहेरून येऊन राहिलेला कोणत्याही देशाचा माणूस स्थानिक निवडणुकीत मत देऊ शकतो, पण देश सोडून कायमचा बाहेर गेलेला आयरिश नागरिक संसदेसाठी मत देऊ शकत नाही. इटलीत बाहेर गेलेल्यांसाठी संसदेत वेगळ्या जागा आहेत, पण युरोपीय संघाबाहेरून येऊन तिथे वर्षानुवर्षे राबणाऱ्याला नगरपालिकेसाठीही मत नाही. दोन्ही लोकशाही देशच आहेत. आयर्लंडने भूमीला महत्त्व दिले आणि इटलीने रक्ताला, एवढाच काय तो फरक.

आता बाहेर गेलेल्या नागरिकाचा दावा पाहू. त्याला मत द्यावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण देशप्रेमात शोधण्याची गरज नाही, कारण ते मोजता येत नाही. कारण असे की, त्या देशाचे काही निर्णय त्याची पाठ सोडत नाहीत. पारपत्र मिळणे किंवा न मिळणे, परत येण्याचा हक्क, मुलांचे नागरिकत्व, निवृत्तिवेतन, वारसा, मागे राहिलेल्या आईवडिलांची देखभाल, हे सारे तिकडचे सरकार ठरवते. शिवाय राहत्या देशाने उद्या परवाना काढून घेतला, तर त्याला जायला जगात तेवढी एकच जागा उरते. पण हा धागा काळाबरोबर झिजतो हेही खरे, आणि तो किती वर्षांत झिजतो यावर सरकारे व न्यायालये अजून झगडत आहेत.

ब्रिटनची गोष्ट या बाबतीत सांगण्यासारखी आहे. १९८५ मध्ये परदेशी राहणाऱ्या नागरिकांना मत मिळाले, तेव्हा मुदत पाच वर्षांची होती. १९८९ मध्ये ती वीस वर्षे झाली, पुढे पुन्हा घटवून पंधरा करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले आणि नंतर तिथेच स्थायिक झालेले हॅरी शिंडलर हे या मर्यादेविरुद्ध स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. २०१३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. मुदत घालणे हा राज्याच्या अखत्यारीतील निर्णय आहे, असे न्यायालयाने मानले. पुढे संसदेनेच २०२२ च्या कायद्याने ती मर्यादा काढली, पण बदल प्रत्यक्ष लागू झाला जानेवारी २०२४ मध्ये, आणि शिंडलर त्याच्या सुमारे वर्षभर आधी वयाच्या १०१ व्या वर्षी वारले होते. कॅनडात याच्या उलट घडले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पाच वर्षांची मर्यादा घटनाबाह्य ठरवली. नागरिक जगात कुठेही राहत असला तरी मत हा त्याचा मूलभूत हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता. एकच प्रश्न, दोन प्रतिष्ठित न्यायालये आणि दोन उलट उत्तरे. त्यामुळे "हा तर उघड उघड अन्याय आहे" असे म्हणत कोणी आले की मी थोडा सावध होतो.

मला स्वतःला जर्मनीची रीत सर्वांत समंजस वाटते, जरी ती राबवायला किचकट आहे. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर किमान तीन महिने सलग त्या देशात राहिलेला आणि तो काळ पंचवीस वर्षांपेक्षा जुना नसलेला नागरिक बाहेरून मत देऊ शकतो. या अटीत न बसणाऱ्याला तिथल्या राजकीय परिस्थितीशी आपला प्रत्यक्ष संबंध आहे आणि तिची झळ आपल्याला बसते, हे दाखवावे लागते. या नियमामागे एक साधी समज आहे. ज्याने तो देश कळत्या वयात अनुभवला आहे त्याला मत असावे. ज्याने तो फक्त आजोबांच्या गोष्टींतून ऐकला आहे त्याला ते आपोआप मिळू नये. पहिल्या पिढीला पूर्ण हक्क आणि पुढच्या पिढ्यांना संबंध दाखवल्यावर, ही माझीही भूमिका आहे.

पिढीचा मुद्दा मी उगाच आणलेला नाही. बाहेरची मते जेव्हा संख्येने मोठी होतात, तेव्हा आत राहणाऱ्यांचा रोष समजण्याजोगा असतो. मोल्दोवात नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत माइया सांदू देशाच्या आत झालेल्या मतदानात थोडक्यात मागे होत्या. परदेशांतील मतांनी त्यांना विजयी केले. त्याच्या दोन आठवडे आधी युरोपीय संघाविषयीचे सार्वमत अगदी निसटत्या बहुमताने मंजूर झाले, तेही बाहेरच्या मतांच्या बळावर. २००६ मध्ये इटलीच्या सिनेटमध्ये बहुमत कोणाकडे जाणार हे परदेशी मतदारसंघांतील सहा जागांनी ठरवले. मोल्दोवासारख्या देशात, जिथून कामाच्या वयाची एवढी माणसे बाहेर गेली आहेत, बाहेरच्यांना गप्प बसवणे म्हणजे कुटुंबातील कमावत्यांनाच घरच्या बैठकीतून उठवण्यासारखे आहे, असे माझे मत आहे. तरीही निवडून आलेल्या सरकारखाली रोज राहायचे आहे ते आत असलेल्यांना, आणि ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने पुसता येत नाही.

यावर काही देशांनी मताचे वजन आधीच बांधून टाकण्याचा तोडगा काढला आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेतील ५७७ पैकी ११ सदस्य परदेशातील फ्रेंच नागरिक निवडतात. पोर्तुगालमध्ये २३० पैकी ४ जागा अशा आहेत, आणि इटलीत आता कनिष्ठ सभागृहाच्या ४०० पैकी ८. बाहेर माणसे किती वाढली तरी जागा तेवढ्याच राहतात. या पद्धतीचा दुसरा फायदा माझ्या लेखी अधिक मोठा आहे. आपले मत जर जुन्या गावच्या मतदारसंघात पडणार असेल, तर तिथल्या उमेदवाराला आपली दखल घेण्याचे कारण नसते, आणि तिथल्या पाण्याच्या योजनेवर आपणही कशाच्या आधारे मत देणार? राखीव जागेवरच्या प्रतिनिधीकडे मात्र पारपत्र, दुहेरी कर आणि वकिलातीतील दिरंगाई हेच विषय घेऊन जाता येते.

दुसऱ्या दाव्याकडे, म्हणजे राहत्या देशातील मताकडे, येतो. मत आणि नागरिकत्व यांची गाठ आज स्वाभाविक वाटते, पण ती फार जुनी नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अनेक राज्ये नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी पुरुषांना मत देत असत. ही प्रथा शेवटच्या राज्यातून १९२६ मध्ये संपली. न्यूझीलंडमध्ये १९७५ पासून कायम वास्तव्याचा हक्क असलेला आणि एक वर्ष तिथे राहिलेला परदेशी नागरिक संसदेसाठीही मत देतो. उमेदवार मात्र नागरिकच असावा लागतो. ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा म्हणून तिथल्या संसदीय निवडणुकीत मत देऊ शकतो, आणि तिथे दहा-दहा वर्षे काढलेल्या कित्येकांना याचा पत्ताच नसतो. चिलीत ठरावीक वर्षे आणि उरुग्वेत पंधरा वर्षे वास्तव्य झाल्यावर राष्ट्रीय मतदानही करता येते. अशी उदाहरणे मोजकी आहेत. स्थानिक पातळीवर मात्र यादी बरीच लांबते: स्वीडनमध्ये १९७६ पासून, नेदरलँड्समध्ये १९८६ पासून, दक्षिण कोरियात २००६ पासून, आणि युरोपीय संघाच्या नागरिकांना संघातील कोणत्याही देशात, संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट करारापासून.

स्थानिक आणि राष्ट्रीय असा हा भेद मला पटतो. कचरा कुठे टाकायचा, शाळा कुठे उघडायची, बस किती वाजेपर्यंत चालवायची, या निर्णयांसाठी माणूस तिथे राहतो एवढे पुरे आहे. युद्ध, परराष्ट्र धोरण, घटनादुरुस्ती, नागरिकत्वाचे नियम हे प्रश्न त्या राज्याच्या भवितव्याशी बांधलेले असतात, आणि त्यावर मत देणाऱ्याने त्या भवितव्यात आपला वाटा स्वीकारलेला असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९० रोजी हाम्बुर्ग आणि श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्यांचे परदेशी रहिवाशांना स्थानिक मत देणारे कायदे रद्द केले. सत्तेचा उगम 'जनतेत' आहे आणि जनता म्हणजे नागरिक, असे त्यामागचे कारण होते. स्थानिक मतही नाकारणारा हा निकाल मला फार ताठर वाटतो, पण त्याच निकालातील एक विचार मी नेहमी पुढे करतो: राज्यकर्ते निवडणारे आणि राज्य सोसणारे यांत फार अंतर पडत असेल, तर ते नागरिकत्वाचे नियम सैल करून मिटवावे.

लक्झेंबर्गने पुढे जवळपास तेच केले. तिथली जवळजवळ निम्मी लोकसंख्या परदेशी आहे. दहा वर्षे राहिलेल्या परदेशी रहिवाशांना राष्ट्रीय निवडणुकीत मत द्यावे काय, यावर जून २०१५ मध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ७८ टक्के लोकांनी ते फेटाळले. त्यानंतर २०१७ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी लागणाऱ्या वास्तव्याची अट सात वर्षांवरून पाच वर्षांवर आणण्यात आली. मताचे दार बंद ठेवले, पण त्याला लागूनच असलेले नागरिकत्वाचे दार रुंद केले. एखाद्या देशाने राष्ट्रीय मत नागरिकांपुरते राखले तर मी तक्रार करत नाही. पण त्याच देशाने नागरिकत्वासाठी वीस वर्षे, जुन्या नागरिकत्वाचा त्याग आणि परवडणार नाही एवढे शुल्क मागितले, तर त्याच्या लोकशाहीत एक कायमची मुकी वस्ती तयार होते, आणि तिथे माझी तक्रार आहे.

दिलेला हक्क परतही जाऊ शकतो, हेही लक्षात असू द्या. एस्टोनियाने मार्च २०२५ मध्ये घटनादुरुस्ती करून युरोपीय संघाबाहेरच्या देशांच्या नागरिकांचा, मुख्यतः रशियन आणि बेलारुसी रहिवाशांचा, स्थानिक मताचा हक्क काढून घेतला. युक्रेनवरील आक्रमण हे त्याचे कारण होते आणि ते समजण्यासारखे आहे. पण नागरिक नसलेल्याचे मत किती नाजूक धाग्याला टांगलेले असते, हेही त्यावरून दिसते.

आपण कराचा मुद्दा मांडला आहे. "कर भरतो, म्हणून मत हवे" हे वाक्य मी आपल्याला सोडून द्यायला सांगेन. काहीही न कमावणाऱ्या नागरिकालाही मत असते, आणि चार दिवस राहून विक्रीकर भरणाऱ्या पर्यटकाला ते नसते. ज्या काळात मत कराशी बांधलेले होते, त्या काळात गरीब मतदार यादीबाहेर होते, आणि तो दरवाजा पुन्हा उघडण्यात कोणाचेच भले नाही. आपला खरा आधार कायद्याखाली राहण्याचा आहे, त्यावरच उभे राहा.

दोन्हीकडे मत मागणे हावरेपणा नाही. 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व एका निवडणुकीपुरते असते. दोन वेगळ्या संसदांसाठी दिलेली दोन मते एकाच पेटीत पडत नाहीत. खरी दुबार नोंद होते ती एकाच निवडणुकीत. युरोपीय संसदेसाठी मूळ देश किंवा राहता देश यांपैकी एकाच ठिकाणी मत देता येते, आणि दोन पारपत्रे असलेल्यांना तर दोन्हीकडून मतपत्रिका आपसूक घरी येऊ शकते. तिथे मोहात पडू नये, तो गुन्हा आहे.

आतापर्यंतची चर्चा हक्काची झाली. माझ्या कामातला मोठा भाग मात्र कार्यपद्धतीत जातो. भारताचे उदाहरण घ्या. २०१० च्या दुरुस्तीने परदेशी राहणाऱ्या, पण दुसरे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीयांना मतदार यादीत नाव घालता येऊ लागले. पण मत द्यायचे ते पारपत्रावरील पत्त्याच्या मतदान केंद्रावर स्वतः हजर राहून. प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत मंजूर झाले नाही आणि लोकसभेची मुदत संपताच बाद झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १ लाख १९ हजारांच्या आसपास परदेशस्थ मतदार नोंदलेले होते आणि त्यांपैकी तीन हजारांहूनही कमी जणांनी मत दिले. याला मी कागदी हक्क म्हणतो.

टपाली मतदानाची सोय केली म्हणून सारे सुरळीत होते असेही नाही. पोर्तुगालमध्ये जानेवारी २०२२ च्या निवडणुकीत परदेशातून आलेल्या काही लिफाफ्यांत ओळखपत्राची प्रत नव्हती आणि त्या मतपत्रिका इतरांमध्ये मिसळल्या गेल्या. परिणामी युरोपातील मतदारसंघाची दीड लाखाहून अधिक मते बाद झाली आणि तिथे मार्चमध्ये मतदान पुन्हा घ्यावे लागले. रुमानियात २०१४ मध्ये वकिलातींबाहेर तासन्‌तास रांगेत उभे राहूनही अनेकांना मत देता आले नाही, आणि त्यापायी पाठोपाठ दोन परराष्ट्रमंत्र्यांना पद सोडावे लागले. माझ्याकडे आलेल्या एका बाईंना मतपत्रिका मिळाली ती मतदानानंतर नऊ दिवसांनी. लिफाफ्यावरचा टपालाचा शिक्का पाहिला, तर ती वेळेत निघालीच नव्हती.

आता आपल्यापुरते. सोडलेल्या देशाच्या यादीत आपले नाव आजही आहे का आणि कोणत्या पत्त्यावर आहे, ते निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता तपासून घ्या. बहुतेक ठिकाणी जाहीर झाल्यावर फार थोडे दिवस उरतात. राहत्या देशात आपल्या परवान्याच्या प्रकाराला स्थानिक मत आहे का, हे नगरपालिकेच्या निवडणूक कार्यालयातून लेखी विचारून घ्या, कारण शेजाऱ्याला आहे म्हणून आपल्याला असेलच असे नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हक्क नसताना नोंदणीच्या अर्जावर चुकूनही सही करू नका. वाहन परवान्यासाठी गेलेल्या एका गृहस्थांपुढे त्याच कागदांत मतदार नोंदणीचा अर्ज आला, त्यांनी 'नागरिक आहे' या चौकटीत खूण केली, आणि पुढे त्यांच्या नागरिकत्वाच्या अर्जाचा सारा भर त्या एका खुणेचा खुलासा करण्यावर गेला. अमेरिकेत तर नागरिक नसताना मत देणे किंवा नागरिक असल्याचा खोटा दावा करणे हे देशाबाहेर काढण्याचे कारण ठरू शकते. अशी खूण आपल्याकडून आधीच झाली असेल, तर नागरिकत्वाचा अर्ज भरण्यापूर्वी वकिलाला गाठा, आणि त्या नोंदणी अर्जाची प्रत मागवून सोबत न्या.

नागरिकत्वासाठी लागणारी वर्षे भरली असतील, तर आपला दुसरा दावा सोडवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता तोच आहे. मात्र अर्ज करण्याआधी आपला मूळ देश दुहेरी नागरिकत्व चालवून घेतो का, हे पाहा. घेत नसेल तर नवीन मत मिळवताना जुने मत, आणि काही देशांत जमीन व वारशाचे हक्कही, हातचे जातात. दोन्ही देशांची नावे आणि परवान्याचा प्रकार कळवलात, तर कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज कोणत्या मुदतीत द्यायचा, हे नेमके सांगता येईल.